पहिली कॅटामरान घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघे नवरा-बायको निवृत्त आहोत. ऑक्टोबर ते मे वर मालवणपर्यंत आणि खाली कारवारपर्यंत फिरायला शिडाची कॅटामरान घ्यायची आहे. दोन जुन्या होड्या पाहिल्या : एक ३८ फुटी, एकाच मालकाने वापरलेली, दुसरी ४२ फुटी, चार्टरमध्ये भाड्याने फिरलेली, चार केबिन आणि चार संडासांची. किमतीत फारसा फरक नाही. काय पाहून ठरवावे?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : केबिन मोजण्याआधी टेप घेऊन ब्रिजडेकखाली जा. कॅटामरानच्या दोन हलांना, म्हणजे पाण्यात असणाऱ्या दोन धडांना, जोडणारा मधला तळ पाण्यापासून किती उंच आहे, हे पुढे, मध्ये आणि मागे असे तीन ठिकाणी मोजा. ढोबळ हिशेब असा की ही उंची होडीच्या लांबीच्या सहा टक्क्यांच्या आसपास हवी. म्हणजे ३८ फुटीला साधारण ७० सेंटिमीटर, ४२ फुटीला ७७. उंची कमी असली की लाट खालून आदळते, कपाटातली भांडी उडतात आणि दोन तासांत माणूस थकतो. आपल्याकडे हा मुद्दा जास्तच लागू पडतो. हंगामात सकाळी जमिनीवरून वाहणारी मतलई असते, पण दुपारनंतर वायव्येचा खारा वारा धरतो आणि मालवणला जाताना तो नेमका तोंडावर येतो. लाटा फार उंच नसतात, पण आखूड असतात, आणि बुटक्या ब्रिजडेकला त्याच जास्त छळतात.

माप घ्यायचे ते भरलेल्या होडीचे. माहितीपत्रकातले वजन बहुधा रिकाम्या होडीचे असते. तुमचा भार असा मांडा : ३०० लिटर पाण्याचे ३०० किलो, ३०० लिटर डिझेलचे सुमारे २५०, दहा मिलिमीटरच्या ६० मीटर साखळीचे जवळपास १४०, डिंगी (छोटी होडी) आणि तिच्या आउटबोर्ड इंजिनाचे शंभरेक, चार माणसांचे ३००. बॅटऱ्या, हत्यारे आणि किराणा धरण्याआधीच हजार किलोंच्या वर गेलात. या आकाराची कॅटामरान दर दोनशे-अडीचशे किलोंमागे एक सेंटिमीटर बसते, म्हणजे ब्रिजडेकची चार-पाच सेंटिमीटर उंची इथेच गेली. युरोपात विकल्या गेलेल्या होडीवर कॉकपिटजवळ सीई प्लेट असते आणि तिच्यावर जास्तीत जास्त भाराचा आकडा असतो. तुमची बेरीज त्याच्याशी ताडून पाहा.

आधीच्या मालकाने होडी किती लादली होती, हे मागच्या पायऱ्यांखाली वाकलात तर दिसते. कारखान्याची पाणरेषेची पट्टी निम्मी झाकून अँटीफाउलिंगचा (तळाला शेवाळे-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा) रंग वर चढवलेला असेल, किंवा रंगाच्या वरही शेवाळ्याचा हिरवा पट्टा असेल, तर ती होडी वर्षानुवर्षे जड चालली आहे. अशी होडी हलक्या वाऱ्यात रेंगाळते आणि तिच्या डोलकाठीच्या तारांवर जादा ताण पडतो.

चार संडास म्हणजे चार पंप, खाऱ्या पाण्याने क्षार साठून अरुंद झालेले आठ पाइप आणि हलला तितकीच जास्त भोके. दोघांना ते कशाला? आमचा कल ३८ फुटीकडे आहे, अर्थात तिचा ब्रिजडेक वरच्या मापात बसत असेल तर.

आता रुंदी. ३८ फुटी सुमारे साडेसहा मीटर रुंद असते, ४२ फुटी पावणेआठपर्यंत जाते. पावसाळ्यात आग्वादची बार (नदीमुखावरचा वाळूचा उथळ पट्टा) खवळते, म्हणून मेअखेर होडी वर काढायची की नदीत आत न्यायची, हे खरेदीआधीच ठरवा. गोव्यातल्या स्लिपवे, म्हणजे होड्या वर ओढायचे उतार, मुख्यतः ट्रॉलर आणि बार्जसाठी बांधलेल्या आहेत. यार्डकडून रुंदी लेखी घ्या आणि दोन्ही कीलखाली (हलच्या तळाच्या उभ्या कण्याखाली) आधार कसा देणार, तेही विचारा. आत न्यायची असेल तर डोलकाठी मोजा. ती पाण्यापासून १७ ते २१ मीटर असते. मांडवी, जुवारी किंवा शापोरा, जी नदी निवडाल तिच्या वाटेतल्या पुलाखालची मोकळी उंची उधाणाच्या भरतीची धरा. हा आकडा पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात विचारावा. होडी परदेशातून आलेली असेल तर आयात शुल्क भरल्याची कस्टम्सची मूळ कागदपत्रे पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

प्रश्न : जुन्या कॅटामरानमध्ये सर्वांत महाग दुखणे कोणते, आणि ते आधी कसे ओळखावे?
– एक वाचक, वास्को

उत्तर : बहुतेक वेळा सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची फिरकी हलमधून खाली पंख्यापर्यंत नेणारा पाय, आणि तेही दोन. म्हणून होडी पाण्याबाहेर काढून पाहणे ही अट करारातच घाला. आधी दोन्ही सेलड्राइव्हची तेलपट्टी बाहेर काढा. तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्यामागे गुंडाळला जातो आणि शाफ्टचा सील कापतो. आपल्या किनाऱ्यावर हे नेहमीचे आहे, म्हणून पंखा उतरवूनच पाहा. नुसते तेल बदलून काही होत नाही, पुढच्या फेरीत ते पुन्हा दुधाळ होते.

सेलड्राइव्ह जिथून हलमधून खाली जातो तिथे रबरी डायफ्रॅम असतो. व्होल्वो पेंटा तो सात वर्षांनी बदलायला सांगते. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असे धरा आणि दोन्ही बाजूंचा खर्च किमतीतून वजा करून मागा. त्यासाठी इंजिन सरकवावे लागते, मजुरीच मोठी असते. सेलड्राइव्हचा पाय अॅल्युमिनियमचा असतो. त्याला हलचाच तांबेयुक्त अँटीफाउलिंग लावलेला असेल तर रंग खरवडून खाली खड्डे पडलेत का ते पाहा. थोड्याच महिन्यांपूर्वी बसवलेला अॅनोड (गंज स्वतःवर घेणारा धातूचा तुकडा) अर्धा झिजला असेल तर विजेची गळती शोधायला लावा.

मग प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घेऊन डेकवर हळूहळू ठोका. चांगल्या भागाचा आवाज टणक येतो. डेकच्या थरांमधला बाल्सा (हलके लाकूड) कुजला असेल तिथे तो बद्द होतो. रेलिंगचे खांब, विंच, हॅच आणि डोलकाठीचा पाया यांच्याभोवती जास्त वेळ द्या. फळ्या उचलून आतल्या आडव्या भिंती हलला जिथे फायबरच्या पट्ट्यांनी जोडल्या आहेत, त्या कडा नखाने चाचपा. सुटलेली कडा हाताला लागते. चाचणीला पंधरा नॉट वाऱ्यात, वाऱ्याच्या तोंडावर शिडे ताणून चालवा आणि केबिनची दारे उघडून-मिटून पाहा. धक्क्याला सहज मिटणारे दार तिथे अडकले, तर सांगाडा वाकतो आहे.

डोलकाठीच्या तारांना दहा-बारा वर्षे झाली असतील तर नव्यांचा खर्च धरा. फायबरची दुरुस्ती गोव्यात उत्तम होते. नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी या शिडाच्या होड्या दिवाड बेटावरच बांधल्या गेल्या. सेलड्राइव्हचे भाग मात्र बाहेरून मागवावे लागतात.

प्रश्न : डॅगरबोर्डवाली घ्यावी की मिनी कीलवाली?
– एक वाचक, कुंकळ्ळी

उत्तर : मिनी कील, म्हणजे तळाला कायमची जोडलेली आखूड कील. डॅगरबोर्ड ही हलमधून वर-खाली सरकवायची फळी. डॅगरबोर्डची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरस चालते, पण बेतूलला साळ नदीच्या मुखासारख्या सरकत्या वाळूवर उतरवलेला बोर्ड टेकला तर बोर्ड किंवा त्याची पेटी फुटते. मिनी कीलवर होडी ओहोटीला सपाट वाळूवर बसवून तळ घासता येतो. त्याआधी कील हा भार घेण्यासाठी बांधली आहे का, हे बांधणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत पाहा.

प्रश्न : एका हलच्या होडीवर शिकलो आहे. कॅटामरानवर शीड कमी कधी करायचे?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमची जुनी होडी कलून इशारा देत होती, कॅटामरान तसा देत नाही. ती जवळपास सपाटच राहते आणि सगळा ताण तारांवर जातो. म्हणून वारामापीवरच्या आकड्याने चाला. प्रत्येक होडीच्या पुस्तिकेत तक्ता असतो. बऱ्याच क्रूझिंग कॅटामरानवर पहिला रीफ (शीड गुंडाळून लहान करण्याची पहिली पायरी) १८ ते २० नॉटच्या आसपास, दुसरा २५ ला घेतात. सरासरीऐवजी झोताचा आकडा धरा. मागून वारा असताना वारामापी फसवते : होडी आठ नॉटने पळत असेल तर १५ दिसणारा वारा खरा २३ असतो. मे महिन्यात दुपारी सह्याद्रीवर काळे ढग चढताना दिसले की सरी पोचण्याआधीच दुसरा रीफ घेऊन ठेवा. तो तक्ता लॅमिनेट करून सुकाणूजवळ चिकटवा, म्हणजे तुम्ही झोपलेले असताना पहाऱ्यावरच्या माणसालाही विचारावे लागणार नाही.