केमोनंतर मुलीला उलट्या होतात, एमसेट देऊनही थांबत नाहीत, काय करू?

ताई, माझ्या मुलाला ९ व्या वर्षी गुडघ्याजवळच्या हाडाचा कॅन्सर झाला, सिस्प्लॅटिन आणि ॲड्रियामायसिन ही केमोची औषधं चालू होती, त्यामुळे तुमच्या रात्री कशा जात असतील ते मला चांगलं कळतंय.

पहिल्या सायकलला, म्हणजे केमोच्या पहिल्या फेरीला, माझं चुकलं. केमोच्या दिवशी पोरगं छान खेळत होतं, म्हणून घरी आल्यावर मी एमसेट (ऑन्डॅनसेट्रॉन, उलटीची गोळी) बंद केली, म्हटलं उगाच कशाला गोळ्या. तिसऱ्या दिवशी पहाटे जे सुरू झालं ते चमचाभर पाणीसुद्धा पोटात ठरेना, शेवटी सलाईन लावावं लागलं. सिस्प्लॅटिनच्या उलट्या २४ तासांनंतर परत जोर धरतात हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मळमळ सुरू होईपर्यंत थांबायचं नसतं, गोळी त्याआधीच द्यायची असते, डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलंय तितके दिवस घड्याळ लावून.

आणि नुसत्या एमसेटने भागत नसेल तर "केमोत असं होणारच" म्हणून सोसू नका. डेक्सा (डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड), ॲप्रेपिटंट, ओलान्झापिन अशी उलट्यांवरची औषधं मुलांनाही देतात, फक्त कोणतं चालेल ते तिच्या केमोवर असतं (काही ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, डेक्सा हाच ट्रीटमेंटचा भाग असतो), म्हणून मनाने काही देऊ नका. मी वहीत लिहायचे, किती वाजता गोळी, किती वाजता उलटी, किती वेळा. ती वही बघून डॉक्टरांनी पुढच्या सायकलला ॲप्रेपिटंट जोडलं आणि खूप फरक पडला. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर वॉर्डला फोन करून विचारा, परत द्यायची का.

खायला थंड झालेली पेज, मीठ घालून, दोन-दोन चमचे. गरम जेवणाचा वास जास्त येतो, फोडणी तर त्या दिवसांत मी शेजारी जाऊन करायचे. एक अगदी कळकळीने सांगते, तिचा आवडता पदार्थ केमोच्या दिवशी देऊ नका. माझ्या मुलाने त्या दिवशी शेवयांची खीर खाल्ली होती, आज ४ वर्षं झाली, वाटी समोर आली तरी तोंड फिरवतो.

लाल औषधाची (ॲड्रियामायसिन लाल असतं) सिरिंज दिसली की त्याला आधीच उमासे यायचे. हे नाटक नसतं, शरीराने ते लक्षात ठेवलेलं असतं. सिस्टरला सांगितलं तर त्या सिरिंज झाकून आणायच्या, मी मोबाईलवर कार्टून लावायचे.

६-८ तास लघवी झाली नाही, पोरगी गळून झोपाळली, उलटीत रक्त किंवा हिरवं दिसलं, किंवा ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.