सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्या चौघांनी श्रीलंकेत दहा दिवसांची जंगल-डोंगर भटकंती कशी आखावी?

तुम्ही लिहिलंय की चौघे मित्र आहात, दर पावसाळ्यात सह्याद्रीत फिरता, चौघांपैकी एक जण शाकाहारी आहे, दहा दिवसांची रजा फेब्रुवारीत किंवा जुलैत मिळेल, आणि एका एजंटाने दहा दिवसांत बारा ठिकाणं असलेला आराखडा पाठवलाय. मी श्रीलंकेला दोनदा गेलो आहे, एकदा जुलै 2018 मध्ये आणि एकदा फेब्रुवारी 2024 मध्ये. पहिल्या वेळी असाच बारा ठिकाणांचा आराखडा घेऊन गेलो होतो. त्यामुळे आधी तेच सांगतो: तो आराखडा बाजूला ठेवा.

श्रीलंकेचं क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. नकाशावर बघितलं की वाटतं, दहा दिवसांत सगळं होईल. पण डोंगरातल्या रस्त्यांवर गाडी तासाला पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे जात नाही. मुळशीहून ताम्हिणी उतरून माणगावला जाताना जसं किलोमीटर कमी आणि वेळ जास्त लागतो, तसं तिथे अर्ध्या देशात आहे. पहिल्या सहलीत आमचे रोजचे पाच-सहा तास गाडीत गेले. जंगलाच्या दारापर्यंत जायचो, फोटो काढायचो, परत गाडीत.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि माझ्या मते सगळं नियोजन हिच्यावर उभं राहतं. ‘श्रीलंकेला कधी जावं?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण तिथे दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून वारे येतात आणि नैर्ऋत्य किनारा व मधल्या डोंगरांचा पश्चिम उतार भिजतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून येतात, तेव्हा पूर्व आणि उत्तरेकडे पाऊस. तिथले शेतकरी भाताचे हंगामही यावरच मोजतात, ‘यल’ आणि ‘महा’ अशी त्यांची नावं. एका बाजूला समुद्र खवळलेला असतो तेव्हा दुसऱ्या बाजूला तो काचेसारखा असतो. महाबळेश्वरला धो धो कोसळत असताना माण-खटाव कोरडं असतं, तेच गणित. फरक एवढाच की श्रीलंकेत सहा महिन्यांनी बाजू बदलतात. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळपास सगळीकडेच दुपारी गडगडाटी पाऊस असतो आणि चक्रीवादळांचाही धोका असतो, तो काळ टाळा.

आम्ही जुलैत मिरिस्सा या दक्षिणेकडच्या गावी देवमासे बघायला गेलो. समुद्र असा होता की नावाच सुटत नव्हत्या. हॉर्टन प्लेन्स या डोंगरातल्या पठारावरच्या ‘वर्ल्ड्स एंड’ कड्यावर उभे राहिलो तर समोर पांढरा पडदा, पाच फुटांपलीकडचं काही दिसेना. दोष जागेचा नव्हता. महिना आणि बाजू यांचा मेळ आम्ही घातला नव्हता.

तर तुमच्यासाठी: फेब्रुवारी मिळाला तर दक्षिण आणि मधले डोंगर. जुलै मिळाला तर पूर्व आणि उत्तर-मध्य. दोन्ही एका सहलीत नको.

फेब्रुवारीत गेलात तर

मुंबईहून कोलंबो थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास. विमानतळ शहराच्या उत्तरेला, नेगोंबोजवळ आहे. तिथून दक्षिणेचा द्रुतगती मार्ग पकडून थेट मिरिस्साला जा, दोन रात्री राहा. तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल निळा देवमासा, पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, सकाळच्या एका फेरीत दिसू शकतो. नाववाला निवडताना एकच प्रश्न विचारा: माशापासून किती अंतर ठेवता? शंभर मीटरच्या आत घुसणारा नको. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्या, नावेत बसल्यावर उपयोग नाही.

तिथून देनियायाला, सिंहराजा जंगलासाठी. इथे दोन रात्री ठेवाच, एक कमी पडते. सिंहराजा हे 1988 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं सखल प्रदेशातलं वर्षावन. आपला सह्याद्री आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच प्रदेश मानला जातो, आणि आत शिरल्यावर ते लगेच कळतं. आंबोलीतल्यासारखा ओला वास, तसाच भेरली माड (तिथे त्याला कितुल म्हणतात), तसाच कर्णा पक्षी फांदीवर पाठ करून बसलेला. आणि तरीही निम्म्याहून जास्त झाडं अशी, की जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

तिथली एक सकाळ मी विसरणार नाही. तासभर काहीच दिसलं नव्हतं. वाटाड्या एकदम थांबला, हाताने ‘थांबा’ केलं. आधी नारिंगी चोचीच्या सातभाईंचा गलका ऐकू आला, मग तुरेवाल्या कोतवालाची शीळ. आणि पुढच्या चार-पाच मिनिटांत आमच्या डोक्यावरून पक्ष्यांची मिरवणूकच गेली. जमिनीलगत सातभाई, मधल्या थरात कर्णा, वर निळा-तांबूस मॅगपाय, सगळ्यात वर पानांत लालतोंड्या मालकोहा. सगळे मिळून किडे उठवत पुढे सरकतात, कोतवाल शिकारी पक्षी आला की इशारा देतो आणि त्या मोबदल्यात उठलेले किडे टिपतो. आठ-दहा जाती एका झाडावर. मग पुन्हा एकदम शांत. अशा थव्यांचा इथे कित्येक वर्षं अभ्यास चालू आहे. जंगलात वाटाड्या सक्तीचा आहे. पण तसं नसतं तरी घ्या, कारण आपण एकटे असतो तर त्या मिरवणुकीच्या खालून गप्पा मारत निघून गेलो असतो.

जळवा असतात, फेब्रुवारीतही. घाबरू नका, पण गुडघ्यापर्यंत येणारे घट्ट विणीचे जळवांचे मोजे घ्या, तिथेच गेटजवळ मिळतात. जळू ओढून काढू नका, नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा. जळवांपेक्षा मला काळजी सापाची वाटते. तिथे पालापाचोळ्यात बसणारा एक छोटा, उचललेल्या नाकाचा चापडा साप आहे, सिंहलीत कुनकटुवा म्हणतात, आणि आपल्याकडचं नेहमीचं सर्पविषरोधक त्याच्यावर चालत नाही. पाय बंद बुटात, आणि बसण्याआधी, हात टेकण्याआधी जागा बघायची. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ही सवय असतेच, ती तिथे सुट्टीच्या मूडमध्ये सुटू देऊ नका.

पुढे उडवलवे राष्ट्रीय उद्यान, एक रात्र. ‘याला’ या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानाचं नाव सगळे घेतात आणि तिथे बिबटे खरंच दाट आहेत, पण एका बिबट्याभोवती तीस-चाळीस जीप अडकलेल्या पाहिल्यावर माझं मन उडालं. उडवलवेत हत्ती बारा महिने दिसतात, मोकळ्या माळावर, पिल्लांसकट. लक्ष देऊन बघा, बहुतेक नरांनाही सुळे नसतात. हे लंकेच्या हत्तींचं वैशिष्ट्य आहे. हत्तीवर बसायची सोय कुणी दाखवली तर नको म्हणा.

मग डोंगर. हपुतळे किंवा ओहियाला दोन रात्री राहून हॉर्टन प्लेन्स करा. फेरी साधारण नऊ-दहा किलोमीटरची, तुम्हाला काहीच अवघड नाही, पण गेट उघडताना, सहाला हजर राहा. नऊ-दहानंतर दरीतून धुकं वर चढतं आणि कडा झाकला जातो. वर्ल्ड्स एंडला पायाखालून आठशे मीटरहून जास्त खोल दरी आहे, खाली चहाचे मळे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी बसलेल्या माणसाला ते काय असतं वेगळं सांगायला नको. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे तिथे दहिवर गोठतं, म्हणून लोकरीची टोपी आणि एक जाड जाकीट लागतंच. विषुववृत्ताजवळ चाललोय म्हणून नुसते टी-शर्ट भरणारे पहाटे कुडकुडतात. गेटवर पिशव्या तपासून प्लास्टिकची वेष्टणं काढून घेतात, खाऊ डब्यात न्या.

कँडी ते एल्ला ही रेल्वे तुमच्या यादीत असेलच. 2025 च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दितवा चक्रीवादळात या डोंगराळ भागात मोठ्या दरडी कोसळल्या आणि रेल्वेमार्गाचंही नुकसान झालं. त्यामुळे कोणता टप्पा चालू आहे हे रेल्वेकडून कळल्याशिवाय तिच्यावर मुक्काम बेतू नका. पायवाटांचंही तसंच, राहण्याच्या ठिकाणी फोन करून विचारा.

शेवटी श्रीपाद, माथ्यावर पावलाचा ठसा असलेला यात्रेचा डोंगर, एक रात्र. उंची 2,243 मीटर, म्हणजे कळसूबाईहून सुमारे सहाशे मीटर जास्त. नल्लतन्नियाच्या बाजूने सुमारे साडेपाच हजार पायऱ्या. यात्रेचा काळ डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत. तेव्हाच पायऱ्यांवर दिवे असतात आणि चहाची दुकानं उघडी असतात. रात्री दोनला निघालं की वर बघावं, दिव्यांची रांग तारकांत घुसलेली दिसते. माथ्यावरचं पाऊल बौद्धांसाठी बुद्धाचं, हिंदूंसाठी शिवाचं, मुसलमान आणि ख्रिश्चनांसाठी आदमचं. सगळे एकाच वाटेने चढतात. वाटेत एका जागी बुद्धाने आपलं चीवर शिवलं अशी श्रद्धा आहे, तिथे लोक सुई-दोरा वाहतात, आणि पांढरा दोरा पायऱ्यांच्या कडेने वरपर्यंत सोडत नेतात. माझ्यापुढे पांढऱ्या साडीतली एक आजी होती, सत्तरीची तरी असेल, दोन्ही बाजूंनी नातवंडांनी धरलेली. उतरणारे लोक तिला ‘करुणावयि’ म्हणत होते आणि ती प्रत्येकाला तेच परत म्हणत होती, धाप लागली तरी. वारीत जसं माउली म्हणतात, अगदी तसं. मीही म्हणायला लागलो.

सूर्य उगवल्यावर सगळे पूर्वेकडे बघत असतात. तुम्ही दोन-तीन मिनिटांनी पश्चिमेकडे या. डोंगराची सावली खालच्या धुक्यावर पडते, नेमकी त्रिकोणी. उतरताना गुडघे बोलतात, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत, काठी न्या. शनिवार-रविवार आणि पौर्णिमा टाळा, गर्दीत पायरी-पायरीवर थांबावं लागतं. दर पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’ला, देशभर सुट्टी असते.

परतताना कितुलगलाला एक रात्र, केळणी गंगेत राफ्टिंग. आपल्या कोलाडसारखंच, वरच्या धरणातून पाणी केव्हा सोडतात त्यावर सगळं अवलंबून. आदल्या दिवशी वेळ विचारून घ्या. मग नेगोंबो, विमान. मोजलंत तर नऊ रात्री होतात, आणि गाडीत सलग पाच तास एकदाही बसावं लागत नाही.

जुलै मिळाला तर

वरचं जवळजवळ सगळं सोडा. हबरणाला राहून मिन्नेरियाचे हत्ती बघा. तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेला तिथला तलाव कोरड्या महिन्यांत आटतो, काठी हिरवं गवत येतं आणि हत्तींचे कळप उतरतात. ऑगस्ट-सप्टेंबरात सगळ्यात जास्त. तलावात पाणी जास्त असेल तर ते शेजारच्या कौडुल्ला किंवा हुरुलूकडे जातात, म्हणून जीपवाल्याला विचारूनच तिकीट काढा. मग त्रिंकोमाली, पिजन बेटाजवळ प्रवाळ आणि शांत समुद्र. सर्फिंग शिकायचं असेल तर मात्र नवशिक्यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेच्या मुख्य लाटेवर जाऊ नये, बाजूच्या छोट्या लाटांवर शिकवतात.

शाकाहारी मित्रासाठी

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. भात-आमटी-भाज्या सगळीकडे मिळतात, पण उंबलकड नावाचा सुकवलेल्या माशाचा चुरा नारळाच्या चटणीत, पोळ सांबोलात, आणि कधी भाजीतही पडतो. दिसत नाही. ‘व्हेज’ म्हटलं तरी तो टाकतात, कारण त्यांच्या लेखी तो मसाला. ‘माळु नेतुव, उंबलकड नेतुव’ असं स्पष्ट सांगायचं, म्हणजे मासा नको, चुराही नको. परिप्पू म्हणजे मसूर डाळ, नारळाच्या दुधातली, तीही विचारूनच. सकाळी आप्पे नव्हे, आप्पा, वाटीसारखा पातळ घावन. आणि मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही, वर कितुलची काकवी. ते रोज खा.

बाकीचं

व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदललेत. फक्त सरकारी ईटीए संकेतस्थळावर बघा, तशीच दिसणारी खोटी संकेतस्थळं खूप आहेत. पासपोर्ट रोज जवळ ठेवा, बऱ्याच ठिकाणी सार्क देशांच्या लोकांना कमी दर असतो आणि तो पासपोर्ट बघूनच देतात. देश 2016 पासून मलेरियामुक्त आहे, पण डेंग्यू आहे, म्हणून दिवसाही मलम लावा. विमा घेताना राफ्टिंग आणि ट्रेकिंग त्यात धरलंय का ते वाचून बघा. यूपीआय काही ठिकाणी चालतं, डोंगरात रोख लागते. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे ते फार लागतं लोकांच्या मनाला.

रजा कोणत्या महिन्यात मिळाली ते इथे कळवा. फेब्रुवारी असेल तर त्या महिन्यातली पौर्णिमा बघून श्रीपादचा दिवस आधी ठरवा आणि बाकीचे मुक्काम त्याच्या मागे-पुढे लावा.