आपत्काळात संदेश पाठवायला हॅम रेडिओचं डिजिटल स्टेशन कसं उभारावं?

तुमच्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे, १०० वॉटची एचएफ रिग (लांब पल्ल्याच्या लघुलहरींवर बोलणारा रेडिओ संच) आहे, लॅपटॉप आहे. आणि तुम्ही विचारलंय की विनलिंक (रेडिओवरून ईमेल पाठवणारी यंत्रणा) घ्यावं की जेएसएटकॉल (JS8Call, रेडिओवरून छोटे लेखी संदेश पाठवणारा प्रोग्राम). मी बरीच वर्षं असं स्टेशन चालवतोय. सॉफ्टवेअर निवडण्याआधी राउटर बंद करा, मेन स्विच पाडा आणि तशा अवस्थेत एक संदेश पाठवून बघा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा संदेश गेला नाही. रिग आणि अँटेना दोन्ही ठीक होत्या. पण विनलिंकच्या गेटवेंची (रेडिओवर आलेला संदेश इंटरनेटवर पुढे पाठवणाऱ्या स्टेशनांची) यादी प्रोग्राम इंटरनेटवरून घेतो आणि माझ्याकडची यादी जुनी होती. त्यातली अर्धी स्टेशनं उत्तरच देईनात. जेएसएटकॉलवर काहीच डीकोड होईना, कारण लॅपटॉपचं घड्याळ काही सेकंद मागे पडलं होतं. त्यात सगळ्यांचं प्रसारण ठरलेल्या क्षणी सुरू होतं, नॉर्मल गतीत दर १५ सेकंदांनी. आता वेळ यूएसबी जीपीएसवरून घेतो आणि गेटवेंची यादी दर महिन्याला कागदावर छापून रिगजवळ ठेवतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे दोन्ही घ्या, पण कामं वेगळी आहेत हे लक्षात ठेवा. विनलिंकवर वारा (VARA) किंवा आरडॉप (ARDOP) या मोडेमने, म्हणजे मजकुराचे रेडिओवर पाठवायचे आवाज बनवणाऱ्या प्रोग्रामने, पाठवलेला संदेश तुकड्या-तुकड्याने जातो, चुकलेला तुकडा समोरचं स्टेशन पुन्हा मागून घेतं, त्यामुळे औषधांची यादी पोहोचली तर अक्षर न अक्षर बरोबर पोहोचते. जेएसएटकॉलमध्ये अशी खात्री नाही, पण कानाला ऐकूही न येणाऱ्या सिग्नलवर चार शब्द पोहोचतात. 'आम्ही सुखरूप' एवढंच कळवायला ते पुरतं.

गेटवेबद्दल एक गोष्ट नवीन लोकांच्या ध्यानात येत नाही. जवळचा व्हीएचएफ (कमी पल्ल्याच्या लहरींवरचा) गेटवे तुमच्याच भागात असतो, आणि तुमचं इंटरनेट गेलं तर बहुधा त्याचंही जातं. म्हणून एचएफ हवं: शेकडो किलोमीटर दूरच्या, संकटाबाहेरच्या गेटवेला गाठायचं, म्हणजे तिथून ईमेल पुढे जातो. त्यासाठी ४० मीटर बँडचा डायपोल (तारेचा साधा अँटेना) चार-पाच मीटर उंचीवर बांधला तरी चालतो. लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन परततात आणि आजूबाजूचा टापू भरून काढतात. रात्री मात्र ८० मीटरवर जावं लागतं. गेटवे मिळालाच नाही तर विनलिंकमध्ये स्टेशन ते स्टेशन थेट संदेशही देता येतो. शेजारच्या एखाद्या हॅमबरोबर त्याचा सराव आजच सुरू करा.

विजेचं गणित सोपं आहे. पूर्ण शक्तीवर रिग सुमारे २० अँपिअर ओढते, नुसतं ऐकताना एखादा अँपिअर. डिजिटलला ३०-४० वॉट पुरेत. आणि ऑडिओची पातळी इतकी खाली ठेवा की एएलसीचा (रिगमधल्या, जादा सिग्नल आपोआप दाबणाऱ्या सर्किटचा) काटा हलू नये. मोठा आवाज म्हणजे जोरदार सिग्नल असं वाटतं, पण सिग्नल फाटतो, शेजारच्यांना त्रास होतो, आणि तुमच्या संदेशाचे तुकडे पुन्हा पुन्हा मागितले जातात.

संदेश छोटा आणि नेमका लिहा: ठिकाण, वेळ, किती माणसं, काय हवं, उत्तर कोणाला द्यायचं. फोटो नको. हौशी बँडवर मजकूर गुप्त करायला परवानगी नसते, त्यामुळे रुग्णाचं नाव-आजार लिहिण्याआधी विचार करा. ते कोणीही वाचू शकतं.

आणि हो, विनलिंक अनोळखी पत्त्यावरून आलेला ईमेल अडवतं. तुम्ही ज्याला आधी लिहिता तो पत्ता आपोआप परवानगीच्या यादीत जातो. म्हणून घरचे, रुग्णालय, मदत केंद्र, ज्यांच्याकडून उत्तर यायला हवं त्या प्रत्येकाला आत्ताच, सगळं सुरळीत असताना, एकेक चाचणी संदेश पाठवून ठेवा.