मान दुखतेय, खुर्ची कोणी द्यायची?

प्रश्न : नमस्कार ताई, मी इंग्लंडमध्ये स्लाऊला असते, आयटीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून बसते, आता मान आणि उजवं मनगट दोन्ही बोंबलायला लागलेत. मॅनेजरला सांगितलं तर म्हणतो घर तुझं, टेबल तुझं, आम्ही काय करणार. कंपनीची खरंच काही जबाबदारी नाही का? आणि चष्म्याचे पैसे मिळतात म्हणे?

उत्तर : मॅनेजरला नियम माहीत नाहीये, किंवा माहीत असून झटकतोय. तुमच्याकडे १९९२ चे डिस्प्ले स्क्रीन इक्विपमेंट रेग्युलेशन्स आहेत, सगळे नुसतं डीएसई म्हणतात, आणि रोज सलग तासभर किंवा जास्त स्क्रीनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला ते लागू होतात, मग तो ऑफिसात बसो, हॉटडेस्कवर (ठरावीक जागा नसलेल्या, रोज मिळेल त्या टेबलावर) बसो नाहीतर घरी. कंपनीने तुमच्या वर्कस्टेशनची, म्हणजे टेबल-खुर्ची-स्क्रीन सगळ्याची, असेसमेंट (तपासणी) करायची, त्यात जो त्रास दिसेल तो कमी करायचा, ट्रेनिंग द्यायचं आणि मधे ब्रेक किंवा वेगळं काम मिळेल असं बघायचं. त्यासाठी कोणी घरी यायलाच हवं असं नाही, बहुतेक ठिकाणी चेकलिस्ट पाठवतात आणि तुम्हीच भरता. इथेच लोक घोळ करतात, पाच मिनिटांत सगळीकडे 'ओके' टिक करून मोकळे होतात आणि मग सहा महिन्यांनी मान धरून बसतात! तुम्ही तसं करू नका, कुठे दुखतं, कधी दुखतं ते त्यातच लिहा आणि एचआरला मेल टाका, मॅनेजरशी तोंडी बोलून झालं म्हणजे झालं असं समजू नका.

मागाल ते फर्निचर मात्र मिळेलच असं नाही, असेसमेंटमधून जी गरज निघेल ती भागवणं कंपनीचं काम, आणि त्याचे पैसे तुमच्या पगारातून कापता येत नाहीत, १९७४ च्या हेल्थ अँड सेफ्टी कायद्यातच तसं आहे. तुमच्या केसमध्ये खुर्चीच्या आधी लॅपटॉप स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस मागा, कारण लॅपटॉपचा स्क्रीन डोळ्यांसमोर आणला की कीबोर्ड वर जातो आणि कीबोर्ड हाताशी ठेवला की मान खाली जाते, त्यात मधला मार्ग नाहीच.

डोळ्यांची तपासणी तुम्ही मागितलीत तर खर्च कंपनीचा. चष्म्याचे पैसे मात्र फक्त स्क्रीनच्या अंतरासाठी खास वेगळा चष्मा लागत असेल तरच, नेहमीच्या नंबरवर काम भागत असेल तर नाही. आणि तुमच्या बाजूनेही, त्याच १९७४ च्या कायद्याप्रमाणे, स्वतःची वाजवी काळजी घेणं आणि कंपनीला सहकार्य करणं येतंच. दर तासाला पाच-दहा मिनिटं उठायचं म्हणजे उठायचं, आणि त्या ब्रेकमध्ये मोबाईल बघत बसलात तर डोळ्यांना कसला ब्रेक?

प्रश्न : पुण्यात आमचं चौदा जणांचं ऑफिस आहे. सगळ्यांना चांगल्या महागड्या खुर्च्या घेतल्या, तरी मुलं त्यावर मांडी घालून बसतात आणि वर पाठ दुखते म्हणतात. आता यात माझी चूक काय?

उत्तर : खुर्ची घेतलीत हे छान, पण तिची उंची-पाठ कमीजास्त करायचे लिव्हर कोणी दाखवले का? आपल्याकडे फक्त स्क्रीनच्या कामासाठी ब्रिटनसारखे वेगळे नियम नाहीत, पण व्यावसायिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीये, दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला ती लागते, म्हणजे तुम्ही त्यात आलात. कामाची जागा इजा किंवा आजार होणार नाही अशी ठेवणं मालकाचं काम, आणि सुरक्षेसाठी जे काही द्याल त्याचे पैसे कर्मचाऱ्यांकडून घेता येत नाहीत. उलट कर्मचाऱ्यानेही स्वतःची काळजी घ्यायची, नियम पाळायचे आणि धोका दिसला तर कळवायचा, हेही त्याच संहितेत आहे.

पण मांडीवरून लगेच कायदा काढू नका हो, आधी पाय जमिनीला टेकतात का बघा. ऑफिस टेबलं साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात, ठेंगण्या माणसाने कोपरं टेबलाच्या लेव्हलला आणायला खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात आणि मग माणूस मांडीच घालणार ना. फूटरेस्ट द्या, तो येईपर्यंत ए-फोर कागदाचे दोन न फोडलेले रिम पायाखाली ठेवले तरी भागतं. त्यानंतरही कोणाची पाठ दुखत राहिली तर त्याला डॉक्टरकडे पाठवा, खुर्ची बदलत बसू नका.