मन अशांत असेल, तर विश्वास उणा म्हणायचा का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचे घराणे मूळचे अहमदनगरकडचे, सासरे नोकरीसाठी इंदुरात आले आणि आम्ही येथलेच झालो. मागच्या वर्षी माझे पती वारले. मुलगी लग्न होऊन पुण्यास असते. घराच्या वाटणीवरून थोरल्या दिरांशी बोलणे बंद आहे. मी रोज पहाटे बायबल वाचते, प्रार्थना करते, रविवारची उपासना चुकवत नाही. तरी मनाला शांती नाही आणि रात्रीची झोप उडाली आहे. मंडळीतील एक भगिनी म्हणाल्या, ‘ख्रिस्ताने शांतीचे वचन दिले आहे, ती मिळत नसेल, तर तुमचाच विश्वास कमी पडतो.’ त्यांचे म्हणणे खरे आहे का?
— एक भगिनी, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर: ताई, ते म्हणणे खरे नाही. पती जाऊन अवघे वर्ष झालेल्या स्त्रीला असे ऐकावे लागले, याचे मला फार वाईट वाटले.

ज्या वचनाचा आधार त्या भगिनींनी घेतला, ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात आहे: ‘मी आपली शांती तुम्हांला देतो; जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही.’ हे शब्द ख्रिस्ताने कोणत्या रात्री उच्चारले, ते पाहावे. ती शिष्यांबरोबरच्या शेवटच्या भोजनाची रात्र होती. त्या शिष्यांपैकीच एक, यहूदा, ख्रिस्ताचा घात करण्यासाठी बाहेर पडलेला होता आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभ होता. त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो शिष्यांना म्हणाला, ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे’, आणि हा प्याला, म्हणजे पुढचे दुःख, टळावा अशी विनवणी त्याने पुन्हा पुन्हा केली. व्याकूळ होणे हा अविश्वासाचा पुरावा असता, तर तो आरोप प्रथम ख्रिस्तावरच आला असता. त्याने दिलेली शांती म्हणजे दुःख न जाणवणे नव्हे. दुःख पुरते जाणवत असतानाही आपण पित्याच्या हातून सुटलेलो नाही, एवढा भरवसा म्हणजे ती शांती. हा भरवसा पुष्कळदा भावनेच्या रूपाने जाणवतच नाही. रात्रभर तळमळूनही पहाटे आपण प्रार्थनेला बसता, तेव्हा तो आपल्यापाशी आहे असे मी निःशंकपणे म्हणेन.

प्रार्थनेत आपण काय म्हणता, हे आपण लिहिलेले नाही. पुष्कळ भाविक देवापुढे केवळ आभार मानतात आणि तक्रार गिळून टाकतात. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे उघड विलापाची आहेत. १३व्या स्तोत्राच्या आरंभी ‘कोठवर?’ हा प्रश्न देवाला लागोपाठ चार वेळा विचारलेला आहे, आणि ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. इंदुरातील उपासना बहुधा हिंदीत होते, म्हणून सुचवतो, की ही दोन स्तोत्रे घरी एकांतात, मराठीतून, मोठ्याने वाचावीत आणि रडू आले तर आवरू नये.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या संदर्भात मला फार मोलाचे वाटते. आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेली, मागाहून भाऊ गेला, १८८२ साली पती गेले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. १८८३ साली तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या स्पष्ट सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. एवढी विदुषी, एवढी प्रामाणिक स्त्री. तरी तिच्या अंतःकरणाला स्वस्थता लाभण्यास इतका काळ लागला. ती लाभली तीही अधिक साधना करून नव्हे, तर क्षमा आणि तारण आपल्या पात्रतेवर अवलंबून नसून ते ख्रिस्ताने दिलेले दान आहे, हे उमगल्यावर. म्हणून वाचन आणि उपासना पुरेशी झाली की नाही, याचा हिशेब ताई, आपण ठेवूच नये.

आता दिरांविषयी. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ आणि ‘सर्व बुद्धिसामर्थ्यापलीकडची शांती’ ही ख्रिस्ताचा प्रेषित पौल याची सुप्रसिद्ध वचने बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात आहेत. हे पत्र त्याने तुरुंगातून लिहिले. त्या वचनांच्या चारच ओव्या आधी तो युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना नावानिशी विनंती करतो, की तुमचे एकमत होऊ द्या. शांतीची शिकवण अशी भांडणाच्या शेजारीच आलेली आहे, आणि हे मला योगायोगाचे वाटत नाही. वाटणीचा हक्क आपण सोडावा असे मी मुळीच सुचवत नाही. तो कागदोपत्री, वकिलाच्या सल्ल्याने अवश्य सांभाळावा. परंतु हक्क सांभाळूनही अबोला सोडता येतो. नाताळच्या किंवा एखाद्या वाढदिवसाच्या निमित्ताने आपणच चार शब्दांचे पत्र धाडावे आणि त्यात घराचा विषय काढू नये. दिरांनी प्रतिसाद दिला नाही, तर तो भार आपला नाही. ‘तुमच्याकडून होईल तितके’ एवढेच पौल रोमकरांस पत्रात मागतो.

झोपेची गोष्ट मात्र केवळ प्रार्थनेवर सोडू नये. एलीया संदेष्टा निराश होऊन झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, आणि पुन्हा झोपल्यावर पुन्हा तेच दिले. देवाशी संभाषण झाले ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. शरीर आणि मन थकले असता वैद्याकडे जाणे हा अविश्वास नव्हे. आपण मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, एम. वाय. रुग्णालयातही ही सोय आहे. जाण्याचा संकोच वाटत असेल, तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच क्षणी मुलीला किंवा शेजाऱ्यांना बोलवावे. एकटे राहू नये.

प्रश्न: आमच्या घरी ज्ञानेश्वरीचे नित्य वाचन होते. अलीकडे ख्रिस्ताविषयी वाचताना मन निवते. धर्म न बदलता बायबल वाचावे का? सुरुवात कोठून करावी?
— एक विद्यार्थी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: अवश्य वाचावे. मार्काचे शुभवर्तमान १६ अध्यायांचे, सर्वांत लहान आहे. ते दोन तासांत सहज वाचून होते. नंतर मत्तयाचे ५ ते ७ हे अध्याय, म्हणजे डोंगरावरील प्रवचन, सावकाश वाचावे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचताना कवी नारायण वामन टिळक याच प्रवचनापाशी थबकले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तेव्हा ज्ञानेश्वरी मिटून ठेवण्याची आपल्याला काही आवश्यकता नाही. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना किती सोसावे लागले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. यासाठी घरच्यांपासून वाचन लपवू नये. काय वाचतो आणि काय आवडते, हे आईला मोकळेपणाने सांगावे. शंका आल्यास जवळच्या चर्चमधील पाळकांना भेटावे, आणि कोणी निर्णयाची घाई करू लागले, तर त्यांना नम्रपणे नकार देऊन वाचन चालू ठेवावे.