आधी सामानाचं विचार

अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात तू बेघरांच्या निवाऱ्यात कामाला रुजू होणार हे वाचून फार बरं वाटलं. निवाऱ्यात जागा असतानाही लोक फुटपाथवरून का उठत नाहीत, असं तू विचारलं आहेस. मुंबईत हे काम करत मला तेवीस वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं मीही हाच प्रश्न विचारत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुलैची रात्र होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. उड्डाणपुलाखाली नवरा-बायको आणि तीन मुलं भिजत बसली होती. थोरला चौदा वर्षांचा. नवऱ्याचा पाय मोडला, दोन महिने काम नाही, भाडं थकलं, डिपॉझिट त्यातच वळतं झालं आणि एका संध्याकाळी खोलीला दुसरंच कुलूप दिसलं. मी त्यांना गाडीत घालून निवाऱ्यावर नेलं. तिथे बाई आणि दोन धाकटी मुलं ठेवून घेतली. नवऱ्याला पुरुषांच्या निवाऱ्यात पाठवलं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. थोरला बायकांत ठेवायला मोठा आणि अनोळखी पुरुषांत पाठवायला लहान. शेवटी तो दारातल्या बाकावर झोपला. मी रजिस्टरमध्ये 'पाच जणांना निवारा दिला' असं लिहिलं आणि समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही जण परत पुलाखाली. बाई एवढंच म्हणाली, "ताई, पोरगा रातभर बसून होता. आन् आमचा स्टो गेला."

स्टोव्ह, दोन पातेली, ताडपत्री आणि ट्रंक आम्ही तिथेच सोडून आलो होतो. सकाळपर्यंत काही उरलं नव्हतं. नवऱ्याचा नाकाही बुडाला, कारण सात वाजता नाक्यावर उभा नसलेल्या माणसाला त्या दिवसाची मजुरी मिळत नाही. माझ्या एका रात्रीच्या मदतीने त्या घराचं होतं तेवढंही गेलं. ती नोंद मी अजून विसरलेले नाही.

म्हणून कुटुंबाशी बोलताना 'चला' म्हणण्याआधी सामानाचं विचार. ते कुठे ठेवणार, कोण सांभाळणार? मग विचार, कामावर कुठे जाता, मुलं कोणत्या शाळेत आहेत. कामाचं का विचारायचं, ते एका जुन्या खटल्यात दिसतं. १९८१ मध्ये ऐन पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या उठवायला सुरुवात झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगितलं. माणूस फुटपाथ निवडतो तो काम तिथून जवळ असतं म्हणून, हेही त्या निकालात आहे. झोपड्या पाडायला सरसकट मनाई केली नाही, पण १९८५ चा पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका असं बजावलं. तो निकाल मुळातून वाच.

सगळे एकत्र राहतील अशी जागा आधी शोध. केंद्र सरकारच्या, २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांत कुटुंबांसाठी वेगळा निवारा हा स्वतंत्र प्रकारच होता, तेव्हा ती मागणी करताना संकोचू नकोस. त्याच निकषांत एक लाख वस्तीमागे किमान शंभर जणांची कायम सोय सांगितली होती. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, म्हणजे साधारण साडेबारा हजार जणांची सोय. त्याच जनगणनेत मुंबईत बेघर मोजले गेले ५७ हजारांवर. निकष पुरा पाळला तरी चारपाच जणांत एकालाच जागा, हा हिशेब वॉर्ड ऑफिसात जाताना तोंडपाठ ठेव.

मुलांच्या बाबतीत घाई करू नकोस. १०९८ हा नंबर संकटातल्या मुलांसाठी आहे, तो जरूर वापर. पण आईबाप गरीब आहेत एवढ्यावरून मूल संस्थेत पाठवायचं नसतं. २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्था हा शेवटचा उपाय मानतो. शाळेचं म्हणशील तर जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत आधीची शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. मुख्याध्यापकांना हे नम्रपणे, पण उभं राहून सांग.

'पत्ता नाही' हे वाक्य तुला रोज ऐकायला मिळेल. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे बेघर माणसाचं नाव मतदार यादीत घालताना पत्त्याचा कागद लागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहतो. हे मी कितीतरी कचेऱ्यांत सांगितलं आहे आणि दर वेळी समोरच्याला ते नवीन असतं.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. कुटुंब रस्त्यावर येण्याच्या आधीचे दोन महिने हेच तुझ्या कामाचे खरे दिवस. भाडं थकलंय हे आधी किराणावाल्याला कळतं, मग अंगणवाडीच्या ताईंना. त्या दोघांशी ओळख ठेव. मालक आणि भाडेकरू यांना समोरासमोर बसव, थकबाकीचे हप्ते ठरव. वीजपाणी तोडायची धमकी आली तर ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात बसत नाही. करार नोंदवण्याची जबाबदारीही मालकाचीच आहे, आणि तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. सासरच्यांनी बाईला बाहेर काढलं असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्या घरात राहायचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. तिला निवाऱ्यात आणण्याआधी त्याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे ने. मात्र जिवाला धोका असेल तर आधी तिला तिथून बाहेर काढ, कायदा मग.

शनिवारी रात्री दहाला मी दादरला पुलाखाली येते. तूही ये. येताना टॉर्च आण, कागद ठेवायला प्लास्टिकच्या जाड पिशव्या आण, आणि वही आणलीस तर पहिल्या दिवशी ती बाहेर काढू नकोस.

तुझी,
ताई