फायबरच्या नावेवरचे टवके आणि भेगा घरच्या घरी भरता येतात का?

तुमची नाव यडूरच्या बाजूला कृष्णेत चालते. तोंडाला नखाएवढे टवके उडालेत, बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आहेत आणि तळाला दगड घासून एका जागी पांढरे धागे दिसतायत. एम-सील भरून रंग मारला तर चालेल का, असं विचारलंय. पाणी तात्पुरतं थांबवायला चालेल, दुरुस्ती म्हणून नको. ते इपॉक्सी आहे, त्याच्यावर पॉलिस्टरचा जेलकोट, म्हणजे नावेचा वरचा गुळगुळीत रंगीत थर, नीट धरत नाही. नंतर तेच खरवडत बसावं लागतं.

पहिल्यांदा नुकसान किती खोल आहे ते ठरवा. वरचा रंगीत जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. टवक्याच्या तळाशी धागे दिसत नसतील तर नुसता जेलकोट पुरे. धागे दिसले तर मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, लावावीच लागते. भोवती रुपयाचं नाणं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, डबडब आला तर आतले थर सुटलेत, तेवढा भाग ग्राइंडरने काढायचा. फोड आले असतील तर डोळ्यांवर चष्मा लावूनच फोडा, आतून आंबट वासाचं पाणी जोरात उडतं. आपल्या गोड्या पाण्यात हे फोड समुद्रापेक्षा जास्त येतात.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती ओलीमुळे. घासलेली जागा गोड्या पाण्याने धुऊन नाव सावलीत वाऱ्याला आठ-पंधरा दिवस ठेवा. मग त्या जागेवर फूटभर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस राहू द्या. आतून दव धरलं तर अजून थांबायचं. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये, नदी उतरलेली असताना काढा आणि मृग लागायच्या आत संपवा. वळवाचा पाऊस येतोच, तेव्हा वर ताडपत्री हवी. डिसेंबर-जानेवारीत करणार असाल तर 11 ते 3 एवढाच वेळ धरा. पारा 15 च्या खाली गेला की रेझिन (मॅट भिजवायचं, नंतर कडक होणारं पॉलिस्टरचं द्रव) नीट कडक होत नाही. आणि भर उन्हात तापलेल्या नावेवर ते लावायच्या आतच गोठतं.

दुकानात जीपी (साधं, सर्वसाधारण कामाचं) रेझिन, ते लवकर घट्ट व्हायला मदत करणारं कोबाल्ट आणि कडक करणारं हार्डनर वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आधीच घातलेलं आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर दुकानदार सांगेल तेवढं रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळा आणि त्यानंतरच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. हार्डनर डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते. तेव्हा चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा पाहिजेच, आणि जवळपास बिडी-सिगारेट नको. प्रमाण 100 ग्रॅम रेझिनला 1.5 ते 2 ग्रॅम हार्डनर. थेंब मोजत बसू नका, सुई काढलेली 2 मिलीची सिरिंज वापरा. कमी पडलं तर दोन दिवसांनीही चिकट राहतं, जास्त झालं तर तडकतं.

पुसायचा क्रम चुकवू नका: आधी साबण, मग स्वच्छ फडक्यावर अ‍ॅसिटोन, आणि शेवटी पॉलिश पेपर. आधी घासलं तर जुनं मेण आत दाबलं जातं. बारीक भेगा वरून लिंपल्या तर महिन्या-दोन महिन्यांत परत उठतात. हॅक्सॉ ब्लेडचं टोक घासून अणकुचीदार करा आणि प्रत्येक भेग जेलकोटच्या तळापर्यंत व्ही आकारात उघडा.

तळाच्या पांढऱ्या जागेसाठी कडा लांब उतरत्या घासायच्या, खोलीच्या 12 पट. 3 मिलिमीटर खोल असेल तर चहूबाजूंनी साडेतीन सेंटीमीटर. 450 ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो, म्हणजे तीन थर. मॅट कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडा, कडा मिसळून जातात. 20 बाय 20 सेंटीमीटरचा तुकडा 18 ग्रॅमचा, त्याला 40-45 ग्रॅम रेझिन पुरतं. आधी जागेला रेझिन लावा, वर मोठा तुकडा, मग लहान. ब्रश ओढायचा नाही, टोकाने ठोकत जायचं. मॅट पारदर्शक झाली की भिजली. पांढरे ठिपके राहिले तर तिथं हवा आहे. गाडीच्या पत्र्याचे खड्डे भरायची लांबी (पुटी) पाण्याखालच्या भागाला नको, तिच्यातली टाल्क पावडर पाणी पिते. खड्डा भरायला रेझिनमध्ये एरोसिल (रेझिन दाट करणारी हलकी सिलिका पावडर) मिसळा.

जेलकोट लावताना कडेपेक्षा अर्धा मिलिमीटर वर राहू द्या, वाळताना तो बसतो. हवेला उघडा राहिला तर वरून चिकटच राहतो. म्हणून ओएचपीची पारदर्शक शीट दाबून टेप मारा, किंवा वरून पीव्हीए (वाळून पातळ पापुद्रा धरणारं द्रव) फिरवा. रंग जुळवायच्या आधी शेजारचा जुना भाग रबिंग कंपाउंडने (घासून चमक आणायच्या पेस्टने) घासून खरा रंग बाहेर काढा. नवा पांढरा जुन्याशेजारी निळसर दिसतो, त्यात पिवळ्या पिगमेंटचा अगदी कण लागतो. कागदावर नमुना वाळवूनच ठरवा. दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळ्याला 220 चा पेपर गुंडाळून सपाट करा. मग पाणी लावत 400, 600, 800, 1000, आणि शेवटी कंपाउंड व मेण.

उरलेलं रेझिन मगात खोल ठेवू नका, तापून धूर सोडतं. पत्र्यावर पातळ पसरून टाका. नाव निदान आठवडाभर पाण्यात घालू नका. इंजिन बसतं त्या मागच्या फळीत बहुतेक वेळा आत लाकूड असतं. तिथं नाण्याचा आवाज डबडब आला तर हे घरचं काम नाही, फायबरच्या कारखान्यात दाखवा.